रंगाला दिलेली पेटी

मित्रांनो, मी हत्यारांची एक जुनी पेटी आहे. म्हणजे आधी मी पेटी होते, मग अर्धी झाले, अर्धी म्हणजे नेमकी कोणती अर्धी हेही मला धड सांगता येणार नाही, आणि आता मी पुन्हा अख्खी आहे असं सगळे म्हणतात. माझी हकीकत ऐकताना तुमचा गोंधळ उडाला तर मनाला लावून घेऊ नका. माझा स्वतःचाच अजून उडालेला आहे.

सुरुवातीचं मात्र मला लख्ख आठवतं. पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. त्यांना मी बाबा म्हणते, कारण घरात सगळे तेच म्हणत. मोडीत निघालेल्या एका लोखंडी कपाटाचा पत्रा त्यांनी कापला, वाकवला, कोपऱ्यांना रिबिटा मारल्या आणि मला उभं केलं. कमरेइतकी उंची, वर झाकण, पोटात सात खण. खण सरकावेत म्हणून आत दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवल्या. मग मला हिरवा रंग दिला.

बाबांना दोन मुलं, थोरला आणि धाकटी. दोघंही तेव्हा बारकी होती आणि ब्रशच्या मागे मागे नाचत होती. थोरल्याने माझ्या पोटात डोकावून म्हटलं, "बाबा, इथे रंग लावायला विसरलात."

"विसरलो नाही रे," बाबा म्हणाले. "पट्ट्यांना रंग नसतो लावायचा. इथे पत्र्याला पत्रा रोज घासतो. रंग लावला तर खण अडकून बसेल. इथे नुसतं तेल."

धाकटीने लगेच तेलाची कुपी आणली आणि अर्धी माझ्यावर, अर्धी स्वतःच्या फ्रॉकवर ओतली. बाबांचं तेवढं वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

पुढची कित्येक वर्षं सुखाची गेली. वरच्या खणात पाने, त्याखाली स्क्रू ड्रायव्हर आणि पकडी, मग कानशी, मग वायसर आणि रबरी सील, तळाच्या खणात जडजूड हातोड्या. बाबा माझ्याकडे न बघताच हात घालत आणि हवं ते काढत. गिऱ्हाईक यायचं आणि आधी माझ्या पाठीवर थाप मारायचं, "काय पेटी आहे हो," म्हणायचं, मग पंपाचं रडगाणं सुरू करायचं. कौतुक कोणाला आवडत नाही? मी खुशीत होते. थोरला शिकून तयार झाला. धाकटीही झाली, आणि बाबा थकल्यावर भाऊ-बहीण दोघं मिळून कारखाना चालवू लागली. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसत आणि कोणी विचारलं नाही तरी सूचना देत.

मग तो पंप आला. दिसायला साधा पंप, पण त्याने माझी दोन शकलं केली. दुरुस्त होऊन गेला आणि पंधरवड्यात जळून परत आला. सील नीट बसलं नव्हतं, आत पाणी शिरलं होतं. थोरला म्हणाला, सील तू बसवलंस. धाकटी म्हणाली, तू बसवलंस. मी तिथेच होते, सील माझ्याच खणातून गेलं होतं, पण कोणाच्या हाताने गेलं हे मला विचाराल तर शपथेवर सांगते, मला आठवत नाही. शब्दाने शब्द वाढला. थोरला म्हणून गेला, "तुला कारखान्यात घेतलं हीच चूक झाली." धाकटीने हातातला पाना खाली ठेवला. तो इतका हळू ठेवला की मला आपटल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती आपला वाटा न्यायला आली. हत्यारं वाटली गेली आणि राहिले मी. मला दोघांपैकी कोणीच सोडेना. "पेटी इथून हलणार नाही," थोरला म्हणाला. "बरं," धाकटी म्हणाली, आणि तिने माझे सातही खण एकामागून एक ओढून काढले, हातगाडीवर चढवले आणि निघून गेली. थोरला आ वासून बघत राहिला. मग ओरडला, "ने, ने. खण नेशील, पण कशात बसवशील?" बाबा तेव्हा दवाखान्यात डोळे दाखवायला गेले होते.

आता तुम्हीच सांगा, मी कुठे होते? सांगाडा कारखान्यात, खण दोन गल्ल्या पलीकडे धाकटीच्या घरी. मला इकडचंही कळत होतं आणि तिकडचंही, आणि दोन्हीकडचं मिळून काहीच कळत नव्हतं. इकडे वहिनीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, माझ्या रिकाम्या पोटात घरातल्या सगळ्यांच्या चपला रचल्या. तिकडे तीन खणांत धाकटीने हत्यारं ठेवली, एकात कांदे गेले, एकात मुलांचे मोजे, एकात मातीसकट जास्वंद लागली आणि तळाच्या खणात मांजरीने पिल्लं घातली. इकडे मला चपलांचा वास येई आणि तिकडे पोटात पिल्लं वळवळत. इकडे गंज चढला, तिकडे पोपडे निघाले. भाऊ-बहिणीचा अबोला मात्र दोन्हीकडे अगदी सारखा होता.

बाबा दवाखान्यातून आले, चपला बघितल्या आणि म्हणाले, "खण कुठे गेले?"

थोरल्याने एक चपल उगाच सरळ केली. मग तो म्हणाला, "रंगाला दिलेत, बाबा."

"बरं केलंस," बाबा म्हणाले.

आठवड्यातून एकदा बाबा लेकीकडे जात. तिथे मोज्यांचा खण त्यांनी ओळखला. "आणि पेटी कुठे आहे गं?"

"रंगाला दिलीय, बाबा," धाकटी म्हणाली.

"बरं केलंस," बाबा म्हणाले.

मी चक्रावले. ज्या पेटीवर हात टेकवून बाबा सकाळी उठले होते, तीच रंगाला दिलीय हे त्यांनी दुपारी मुकाट्याने ऐकून घेतलं. भांडण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना मन लावून बघितलेलंही हल्ली आठवत नाही, असं वहिनी म्हणायची. असेलही. चष्मा कपाळावर ठेवून ते चष्मा शोधत, हे मी स्वतः पाहिलंय. पण मग दर आठवड्याला दोन्हीकडे न चुकता विचारत कसे, "रंगाऱ्याचं काय झालं?" आणि दोन्हीकडून तेच उत्तर यायचं, "त्याला फार काम आहे, बाबा." असा कोणी रंगारी या गावात नाही हे इकडे थोरल्याला माहीत होतं, तिकडे धाकटीला माहीत होतं, आणि मला दोन्हीकडून माहीत होतं. वर्ष गेलं, आणखी एक गेलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाबांची नजर आता फार दिवस टिकायची नाही. त्या संध्याकाळी बाबा थोरल्याला म्हणाले, "खण यायचे तेव्हा येतील. तू सांगाडा तरी रंगवून घे. निळा दे. डोळे आहेत तोवर पेटी एकदा अख्खी बघायची आहे मला." लेकीकडे गेले आणि तिलाही हेच म्हणाले. खण रंगवून घे, निळा दे, डोळे आहेत तोवर.

दोघंही कामाला लागली. मित्रांनो, रंग काढणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळणार नाही. आधी एक झोंबरं द्रावण फासतात, मग हिरवा रंग फुगून वर येतो, मग पात्याने खरवडतात. गंजावर तारेचा ब्रश, त्यावर पॉलिश पेपर. काही ठिकाणी आग होत होती, काही ठिकाणी गुदगुल्या होत होत्या, आणि कुठली जागा इकडची आणि कुठली तिकडची याचा मला मेळ लागेना. खरवडताना थोरल्याला झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने ओढलेली जुनी रेघ सापडली, लहानपणी उघड्या झाकणाशी उभं करून धाकटीची उंची मोजलेली. ती रेघ त्याने तशीच ठेवली आणि भोवतीने खरवडलं. तिकडे मांजरीला टोपलीत हलवून धाकटी तळाचा खण घासत बसली होती, आणि नाक ओढत होती. द्रावणाने होत असेल.

मग तांबड्या प्रायमरचा हात झाला आणि निळा रंग उघडला. बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि थोरल्याला म्हणाले, "पट्ट्यांनाही चांगला जाड हात दे."

थोरल्याचा ब्रश हवेतच राहिला. "बाबा, पट्ट्यांना रंग नसतो लावायचा. तुम्हीच शिकवलंत."

"मी? कधी? लाव लाव. उघडं बरं दिसत नाही."

थोरल्याने वहिनीकडे पाहिलं. "लावा हो," ती हळूच म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडता?" त्याने लावला.

दोन दिवसांनी लेकीकडे जाऊन बाबांनी तेच सांगितलं. खणांच्या कडांनाही जाड हात दे. धाकटीने एका शब्दाने विरोध केला नाही. तिला वाटलं, हेसुद्धा विसरले तर आता काय उरलं. तोंड फिरवून तिने डोळे पुसले आणि कडांना जाड हात दिला. मीही मनात म्हटलं, संपलं. ज्यांनी मला घडवलं तेच मला विसरले.

रविवारी बाबा थोरल्याला म्हणाले, "आज रंगारी खण घेऊन येणार आहे."

थोरला गडबडला. "कोण रंगारी?" असं विचारायची सोय नव्हती, कारण रंगारी त्यानेच निर्माण केला होता. तो उगाच झाडू मारू लागला. दारात हातगाडी थांबली. निळे खण घेऊन धाकटी उभी होती. तिला बाबांनी सांगितलं होतं, रंगाऱ्याने पेटी कारखान्यात आणून ठेवलीय, खण घेऊन ये.

"आला का रंगारी?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"आला," थोरला म्हणाला, आणि हातगाडीवरून पहिला खण उचलायला पुढे झाला.

आता मी अख्खी होणार होते. वरचा खण लावला. बोटभर आत गेला आणि रुतून बसला. दुसरा लावला, तोही तसाच. एकही खण जाईना. इकडचा जाड रंग आणि तिकडचा जाड रंग, मध्ये जागाच उरली नव्हती.

"तू पट्ट्यांना रंग लावलास?" धाकटी म्हणाली. थोरल्याशी बोललेलं दोन वर्षांतलं तिचं हे पहिलं वाक्य.

"मग तू कडांना काय लावलंस?"

मला वाटलं, झालं. आता पुन्हा सील, पुन्हा हातगाडी, पुन्हा मांजर.

"बाबांनी सांगितलं म्हणून लावला," धाकटी म्हणाली.

थोरल्याचा चेहरा उतरला. "मलाही त्यांनीच सांगितलं."

दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते. "मी?" ते म्हणाले. "मी कशाला असं सांगेन? पट्ट्यांना कोणी रंग लावतं का? आता बसा खरवडत."

मित्रांनो, हे काम एकट्याचं नाही. पट्टीला खडू लावायचा, एकाने खण आत रेटायचा, दुसऱ्याने आत वाकून खडू कुठे पुसला ते बघायचं, खण काढायचा, तेवढंच खरवडायचं, पुन्हा रेटायचा. सुरुवातीला दोघं कामापुरतंच बोलत होती. जरा वर घे. थांब. अजून थोडं. वहिनीने चहा आणून ठेवला, तो निवला. चौथ्या खणाशी, वायसर आणि सील ठेवायच्या खणाशी, आल्यावर दोघांचे हात एकदमच मंदावले.

"दादा, ते सील कोणी बसवलं होतं रे?" धाकटीने विचारलं.

थोरल्याने कानस खाली ठेवली. "खरं सांगू? मला आठवत नाही आता."

"मलाही."

"पण मी जे बोललो ते आठवतं," तो म्हणाला. "ते बोलायला नको होतं. या कारखान्यात तुझ्याशिवाय मला करमत नाही." धाकटीने खण उचलला आणि म्हणाली, "रेट आता."

संध्याकाळपर्यंत सातही खण बसले. मी बाहेरून निळी झाले होते, पण दोन निळ्या रंगांची, सांगाडा शाईसारखा आणि खण जरा फिके. आतून मात्र पट्ट्यांवर लखलखीत उघडा पत्रा आणि तेल. बाबा उठले, माझ्यासमोर अगदी जवळ येऊन उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मग एक एक खण उघडून मिटला. "रंगारी चांगला निघाला हो," ते म्हणाले. "वेळ लावला, पण काम चोख आहे."

बाबा खरंच विसरले होते का? की सगळं ठाऊक असून आम्हा तिघांना खेळवत होते? या प्रश्नाने माझ्या डोक्याचा अजून भुगा होतो. मला उत्तर सापडलेलं नाही आणि तुम्हालाही द्यायला माझ्याकडे नाही. एवढंच मागणं आहे, की मोडकी वस्तू दिसली तर तिच्यात चपला रचू नका, तिला हात लावा, घासा, रंगवा. बाहेरून हवा तितका रंग द्या. पण जिथे दोघांचं रोज एकमेकांशी घासतं, तिथे रंगाचे थर चढवत बसू नका. तिथे तेल घालत जा.

आता धाकटी रोज कारखान्यात येते. बाबांची नजर गेली आहे. ते माझ्यापाशी बसतात आणि बोटांनी खण चाचपतात. काल त्यांचं बोट पट्टीवरच्या उघड्या पत्र्यावर थांबलं.

"अरे, इथला रंग कोणी काढला?" त्यांनी विचारलं.

कारखान्याच्या एका टोकाला थोरला होता, दुसऱ्या टोकाला धाकटी. दोघांनी एकदमच उत्तर दिलं.

"रंगाऱ्याने, बाबा."

"बरं केलं," बाबा म्हणाले.