पाय काढा

सासऱ्यांनी स्वतःच्या गॅरेजात, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीला इंजिनाची ताकद वाढवणारा भलामोठा टर्बो बसवला, टायर मात्र तेच जुने, टकलासारखे गुळगुळीत ठेवले. "वर्षभर चालतील," म्हणाले. घरजावई त्यांच्यापुढे काय कपाळ बोलणार?

आता गाडी दारापर्यंत चिखलात रुतली होती. दारं उघडेनात. जावई अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता तशी चारही चाकं जागच्या जागी गरगरत खोल जात होती.

शेजारी बसलेले सासरे खेकसले, "अहो जावईबापू, नुसत्या ताकदीनं गाडी निघते का? पकड लागते! पाय काढा म्हणतो ना, पाय काढा!"

जावयानं इंजिन बंद केलं.

"सात वर्षं तेच ठरवतोय, मामा," तो म्हणाला. "तुमच्या घरातून."