दिवाणियातली कॉफीची किटली

मी एक जुनी कॉफीची किटली आहे, पितळेची, लांब चोचीची. मित्रांनो, मी कुवेतच्या बाजारात घडले आणि आज महाराष्ट्रात खर्डी गावी महेंद्रच्या घरी फळीवर असते.

कुवेतला अबू सालेम यांच्या दिवाणियात मी बारा वर्षं राबले. दिवाणिया म्हणजे घरालगतची बैठकीची खोली. दर सोमवारी संध्याकाळी शेजारीपाजारी तिथे जमत. कधी संसदेचा सदस्य येई आणि सगळ्यांसोबत गालिच्यावर बसे. लोक त्याला शाळेबद्दल, रस्त्याबद्दल जाब विचारत. पुढे देशाच्या अमीराने, म्हणजे राजाने, संसदच बरखास्त केली. माणसं तरी येत राहिली, फक्त आवाज खाली आले. आपल्याला न विचारता नियम होतात, ही त्यांची खंत होती.

महेंद्र तिथे नोकरीला होता, पाहुण्यांना कॉफी द्यायचा. पाहुणे माझ्या चकाकीचं कौतुक करत. मला घासणाऱ्या महेंद्रकडे कुणी बघत नसे. त्याचा पासपोर्ट अबू सालेम यांच्या कपाटात असे, त्यामुळे त्यांनी दिल्याशिवाय त्याला गावी जाता येत नसे.

एका सोमवारी त्याच्या बायकोचा, मेघाचा, फोन आला. त्याची आई गोजाबाई फार आजारी होती. त्याने सुट्टी मागितली. अबू सालेम मनाने वाईट नव्हते, पण रमजानचे पाहुणे यायचे होते. ईद झाल्यावर बघू, म्हणाले.

त्या संध्याकाळी महेंद्रचं ध्यान त्या फोनकडेच होतं आणि ओतताना कॉफी नेहमी येणाऱ्या म्हाताऱ्या युसूफ मास्तरांच्या पांढऱ्या झग्यावर सांडली. मास्तर रागावले नाहीत. काय झालं, असं त्यांनी हळूच विचारलं. महेंद्रने मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. मास्तर अबू सालेमकडे वळले.

"सरकार आपलं ऐकत नाही, म्हणून आपण इथे कुढतो. या घरात सरकार तूच आहेस. याचं तू ऐकलंस का?"

अबू सालेम उठून आत गेले आणि पासपोर्ट घेऊन आले. तो देताना त्यांची मान खाली होती. महेंद्र गावी निघाला तेव्हा त्यांनी मलाही त्याच्या सामानात ठेवलं.

खर्डीला महेंद्र आईच्या उशाशी बसला. तिने त्याचा चेहरा चाचपला.

"आलास रे? आता मना काय नको."

अठरा दिवस त्याने तिला आपल्या हाताने पेज भरवली. मग ती गेली.

त्यानंतर मी कित्येक महिने पोत्यात पडून हिरवी झाले. शेवटी मेघाने चिंच लावून मला घासलं.

मित्रांनो, माझं पितळ असं पुन्हा उजळतं. ते अठरा दिवस हुकले असते, तर कशाने परत आले असते? कुणाला अडवायचा अधिकार कधी तुमच्या हाती आला, तर तो फार जपून वापरा.