शंभरचा पिवळा बल्ब

दादांनी मुंबईहून एक यंत्र आणलं आणि दुर्गाच्या डोक्याला ताप झाला. यंत्र सॉकेटमध्ये खुपसायचं, त्यावर दिवा लावायचा, की तो किती वीज खातो ते आकड्यात दिसायचं. थोरल्या दिराचं खूळ, थांबवणार कोण? नवरा गेल्यापासून दुर्गाला तर त्या घरात तोंड उघडायचीच सोय नव्हती. रांधा, वाढा, उष्टी काढा, वर होमस्टेच्या पाहुण्यांच्या चादरी धुवा!

जेवणं झाली की दादा ओटीवर प्रयोग मांडत. "हा शंभर वॅटचा पिवळा. बघा, नुसता बकासुर! ही सीएफएल, वीस. आणि हा एलईडी, बारा. उजेड तिन्हींचा जवळजवळ सारखाच. एलईडी घेताना महाग पडतो, पण वर्षाच्या आत पैसे वसूल!"

हिशोब चोख होता, दुर्गाचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. घरातले सगळे दिवे तिनेच स्टुलावर चढून बदलले. एक सोडून. मागच्या पडवीत मोठ्या खोक्यात तिची साठ पिल्लं होती, आठवड्याभराची, आणि त्यांच्यावर शंभरचा पिवळा टांगलेला होता.

"दादा, तेवढा राहू दे," ती म्हणाली. "त्यांना उजेड नको, ऊब हवी. आई असती तर पंखाखाली घेतलं असतं. ही यंत्रात उबवलेली, पोरकी."

"दिवसरात्र शंभरचा? आणि बिल कोण भरणार?"

"कोंबड्या विकल्या की मी भरेन."

थोरली जाऊ सुचिता फिस्सकन हसली. "ऐकलंत का? बाईसाहेब बिल भरणार! उद्या वेगळी चूलसुद्धा मांडतील."

मांडणारच होती. का मांडू नये? गावठी कोंबडीसाठी पर्यटक जीव टाकतात. मंगळसूत्राच्या वाट्या मोडून तिने ही पिल्लं आणली होती, आणि बाजाराजवळची एक खोलीही बघून ठेवली होती. पिल्लं जगली तर ती सुटणार होती. हे दादांनाही कळत होतं, फुकटची मोलकरीण कुणाला घालवायची असते!

त्याच आठवड्यात, ऐन पौषात, माहेरी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दुर्गाला एका मुक्कामासाठी श्रीवर्धनला जाणं भाग पडलं. जाताना तिने खोक्यातला भुसा बदलला, पाणी भरलं आणि सुचितापुढे हात जोडले. "ताई, बल्ब तेवढा बंद करू नका. थंडी फार आहे."

"नाही गं बाई करत! जा निर्धास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती परतली, तर सुचिता दारातच हसत उभी. "अगं, आपली राणी व्याली! पाच पिल्लं, गुबगुबीत!" राणी म्हणजे दादांची लाडकी कुत्री. दुर्गा "बरं झालं" म्हणाली आणि तशीच पडवीत गेली.

बल्ब कुणी बंद केला नव्हता. बदलला होता. पांढऱ्या लख्ख उजेडात खोक्याचा कोपरान् कोपरा दिसत होता. पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून पडली होती. उबेसाठी आत घुसता घुसता खालची चेंगरली, वरची गारठली. एकाची मान हलत होती. तिने ते छातीशी धरलं, पदरात गुंडाळलं, तोंडाची वाफ दिली. तेही गेलं. मग मात्र ती भुशातच बसली आणि हमसून हमसून रडली.

दादा चहाचा कप घेऊन आले. "अरेरे! सगळी गेली? मला मेल्याला काय कल्पना? म्हटलं, उजेड तर तेवढाच आहे. चल, रडत बसू नकोस, दोन खोल्या भरल्यात. नाश्त्याचं बघ."

दुर्गाने पिल्लं घमेल्यात भरली. खड्डा खणायला कुदळ हवी होती, म्हणून ती मागच्या खोपटात गेली. आत जुन्या गादीवर राणी पसरली होती, पाच पिल्लं तिला लुचत होती, आणि त्यांच्यावर, नव्या वायरीने हातभर अंतरावर आणलेला, शंभरचा पिवळा बल्ब जळत होता.

दुर्गाचा हात बटणाकडे गेला.

"ए, हात लावू नकोस त्याला!" मागून दादा ओरडले. "काकडून मरतील गं बिचारी!"