हातच्याची वजाबाकी

चार इयत्ता, सतरा मुलं, एक खोली आणि एकटी मी. वरून रोज कसले ना कसले तक्ते भरून मागायचे: मुली किती, नळ किती, झाडं किती जगली. मी टेबलाशी मान मोडून ते भरायची आणि दुसरीची पोरं चौथीतल्या एका मुलीच्या हवाली करायची. सगळी तिला ताई म्हणत. पोरं माझ्यापेक्षा तिचं ऐकतात, हे मी कौतुकानं सांगतही असे. आपल्या अंगचोरपणाला कौतुकाचं नाव द्यायला काय लागतं?

मग तपासणीचे साहेब आले. मुलांना येतंय असं दिसलं तर शाळा राहणार, नाहीतर सतराही जणांना पाच मैल लांबच्या शाळेत घालणार. साहेबांनी फळ्यावर लिहिलं: बेचाळीस वजा सतरा.

दुसरीच्या पाचही पाट्यांवर एकच उत्तर. पस्तीस.

"दोनातून सात कसे गेले? हातचा घेतला नाही?" साहेबांनी विचारलं.

"उलटं केलं. सातातून दोन," त्यातली एक धीट पोर म्हणाली. "मोठ्यातून लहान काढायचं, ताईनं सांगितलंय."

"ताई म्हणजे तुमच्या बाई का?"

मी फणकाऱ्यानं चौथीतल्या त्या मुलीकडे वळले. "किती वेळा समजावलं गं तुला? स्वतःला येत नाही आणि लहानांना शिकवतेस? धर कान!"

चोर सोडून संन्याशाला फाशी. तिनं कान धरले.

साहेबांनी शेरा लिहिला: 'बाईंचं मुलांच्या चुकांवर बारीक लक्ष आहे. शाळा चालू ठेवावी.' त्याखाली मी सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

शाळा सुटली तरी ती थांबून होती. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाटी पुढे केली.

"बाई, चुकलं माझं. पण साहेब म्हणाले तो हातचा कुठून घ्यायचा? मी दुसरीत होते तेव्हाच्या ताईनं तो शिकवलाच नव्हता."

मी पेन्सिल घेतली. तिच्याकडे बघवेना.

"नीट दाखवा हं," ती म्हणाली. "उद्या पोरांना सांगायचंय मला."