कुलपातला पाना

मंडळी, कामाच्या जागी आपल्यापेक्षा हुशार असं कुणी नवं आलं की पोटात जे दुखतं, त्यावर कुठल्याच दुकानात गोळी मिळत नाही. हे दुखणं तुम्हाला आहे, मलाही आहे. पण आमच्या पॉप्लर बेंड गावच्या ओरेस्ट ह्रिनचुकला ते इतकं होतं की तो उभा राहील तिथला बर्फ वितळायचा. आणि कॅनडाच्या मॅनिटोबातला बर्फ म्हणजे काय चेष्टा आहे? जानेवारीत माणसाची सावली रस्त्याला चिकटते, ती आम्ही कोमट पाणी ओतून सोडवतो!

ओरेस्ट गावच्या एकुलत्या एका गॅरेजातला जुना मेकॅनिक. तिथे जॅनेल थीसन नावाची तरुण पोरगी कामाला लागली आणि गिऱ्हाईक दारातूनच विचारू लागलं, "जॅनेल आहे का?" तेही ओरेस्ट समोर उभा असताना! त्याचा स्वतःचा कुत्रासुद्धा तिच्या पायाशी जाऊन बसायचा.

"फितूर!" ओरेस्ट कुत्र्याला म्हणायचा.

एके सकाळी नर्स बर्नाडेट लाव्हाली हिची गाडी जॅनेलकडे आली. इंजिनच्या पुढच्या बाजूला एक लांब रबरी पट्टा फिरतो, तोच पाण्याचा पंप चालवतो, तोच बॅटरी भरतो. त्याला ताणून धरणारा स्प्रिंगचा हात म्हणजे टेन्शनर. इंजिन चालू असताना तो हात शांत राहायला हवा. हा मात्र लटलट कापत होता आणि पट्ट्याची कड उसवली होती.

"गेलाय हा," जॅनेल म्हणाली. "नवा टेन्शनर आहे, पट्टाही आहे. पण हात घालायला फट बोटभर. ओरेस्ट, तुमचा तो लांब चपटा पाना देता का?"

आमच्याकडे मेकॅनिकची हत्यारं ज्याची त्याची. ज्याची पेटी, त्याचं कुलूप.

"भाच्यानं नेलाय," ओरेस्ट म्हणाला आणि आपल्या लाल पेटीचं कुलूप ओढून पाहिलं.

"मग शेजारच्या गावातून आणते. तोवर ही गाडी कुणाला देऊ नका हं!"

ती गेली आणि बर्नाडेट धावत आली. उत्तरेच्या फार्मवरच्या एका म्हाताऱ्याला इन्शुलिन पोचवायचं होतं.

"झाली का गाडी?"

ओरेस्टनं चावी पुढे केली. तोंडातून शब्द काढला नाही. मनात मात्र म्हणाला, 'पडू दे बंद! कळू दे गावाला जॅनेलबाईंचं काम!'

दुपारी घरी पेरोगींवर, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर, आंबट साय ओतताना त्यानं ही मर्दुमकी बायकोला सांगितली. डार्लीनचा काटा हातातच राहिला.

"पट्टा सुटला तर काय होतं रे?"

"पंप थांबतो. इंजिन तापतं, बंद करावं लागतं."

"आणि गाडीतला हीटर?"

ओरेस्टनं सायीचं भांडं खाली ठेवलं. "तोही बंद."

"त्या रस्त्यावर फोन लागत नाही, ओरेस्ट. तुझा राग जॅनेलवर, आणि गोठायचं बर्नाडेटनं? तुझ्या आईच्या शेवटच्या हिवाळ्यात याच रस्त्यानं ती रोज औषध घेऊन जात होती!"

"मी कुठं गाडी बिघडवली?"

"ठाऊक असून चावी दिलीस. वेगळं काय केलंस?"

अरेरे! ओरेस्ट उठला, गॅरेजात जाऊन लाल पेटी उघडली, पाना काढला, बाकावरचे नव्या टेन्शनरचे नि पट्ट्याचे खोके उचलले आणि ट्रक उत्तरेकडे सोडला. म्हणतात की त्या दिवशी त्याच्या शरमेनं रस्त्यावरचा बर्फ बाजूला झाला. मी तिथे नव्हतो, पण मला खरं वाटतं.

निर्जन माळावर गाडी उभी होती. आत बर्नाडेट घोंगडीत गुरफटून, डब्यातल्या मेणबत्तीवर हात धरून बसली होती. ओठ निळे.

"इन्शुलिन खिशात ठेवलंय," ती पुटपुटली. "गोठायला नको."

ओरेस्टनं तिला आपल्या गरम ट्रकमध्ये बसवलं. तेवढ्यात मागून जॅनेलचा ट्रक आला. गॅरेजात गाडी दिसली नाही तशी तीही धावली होती.

ओरेस्टनं पाना तिच्यापुढे धरला. "हा माझ्याकडेच होता. मी खोटं बोललो. आणि चावीही मीच दिली."

"पान्याचं ठाऊक होतं," जॅनेल म्हणाली. "भाच्यानं नेला म्हणताना माणूस पेटीकडे कशाला बघतो? पण चावी! तिचा जीव गेला असता, ओरेस्ट."

"गेला असता," तो म्हणाला.

"टॉर्च धरा. बोलणं नंतर."

ओरेस्टनं उजेड धरला. जॅनेलनं जुना टेन्शनर उतरवला. त्याची चाकी फिरवली तर खडे भरल्यासारखी खरखरली. नव्याची खुंटी भोकात बसवून तिनं बोल्ट आवळला, पान्यानं त्याचा हात मागे रेटला आणि ओरेस्टनं बधिर बोटांनी नवा पट्टा चढवला. इंजिन सुरू झालं. टेन्शनरचा हात हलेना!

इन्शुलिन वेळेत पोचलं.

तेव्हापासून लाल पेटीला कुलूप नाही. हेवा गेला म्हणता? छे! कुत्रा अजून जॅनेलच्या पायाशीच बसतो आणि ओरेस्ट अजून त्याला फितूर म्हणतो. पण पाना मागितला की देतो.

तेव्हा मंडळी, हेवा वाटला तर वाटू द्या, तो काही विचारून येत नाही. पण त्यापायी हातातलं हत्यार आणि तोंडातला शब्द कुलपात ठेवू नका. ज्याचा हेवा करता तो शेकोटीपाशी असतो. थंडीत कुडकुडतं ते भलतंच कुणीतरी.