चौऱ्याण्णव मार्कांची आमदार

ठराव पहिला : पेढे वाटावेत.
बाजूने : राजीवराव. विरोधात : वसुधाताई, कारण शुगर. गैरहजर : रुचा, दारोदार प्रचारात. समसमान मतं पडल्यामुळे सभापतींचं निर्णायक मत घेतलं. सभापती : राजीवराव. ठराव संमत.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी, नेपरव्हिलच्या आपल्या घरात, राजीवराव देवपुजारींनी आयपॅडवर मुलीचा निकाल पाहिला आणि समोरचा चहा तसाच निवला.

शिकागोतली एक संस्था दरवर्षी इलिनॉयच्या सगळ्या आमदारांना शंभरपैकी गुण देते. पान सरकवत सरकवत राजीवराव 'द'पाशी आले. रुचा देवपुजारी : ९४. गेल्या वर्षी ६६ होते. येत्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध उभे असलेले ग्लेन हॉफस्टॅड हे माजी आमदार. त्यांचे शेवटच्या वर्षीचे गुणही तिथेच होते : १२.

"वसुधा! चौऱ्याण्णव!"

"कशात?" वसुधाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"आमदारकीत!"

नागपूर सोडून त्यांना सेहेचाळीस वर्षं झाली होती. वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून उभी हयात गेली. पण कागदावर नाव आणि नावापुढे आकडा दिसला की हा माणूस अजून दहावीच्या निकालाच्या रांगेत जाऊन उभा राही. मुलगी अठ्ठावीस मार्कांनी वर गेली होती आणि समोरचा चक्क नापास होता. बापाला आणखी काय हवं?

त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की संस्थेने वर्षभरातली पंचवीस बिलं निवडली आहेत. संस्थेच्या मनासारखं मत दिलं तर गुण मिळतो, नाही दिलं तर नाही. शंभर म्हणजे डावीकडचं टोक, शून्य म्हणजे उजवीकडचं.

निकालाखालचं बारीक कोण वाचतो?

ठराव दुसरा : पाट्या छापाव्यात.
बाजूने : राजीवराव. बाकी कोणाला विचारलं नाही.

पाटीवर मजकूर मोजकाच होता. 'रुचा : १०० पैकी ९४. हॉफस्टॅड : १०० पैकी १२. निकाल तुम्हीच लावा.' हिरवळीत खोचायच्या अशा शंभर पाट्या मंगळवारपर्यंत आल्या. मराठी मंडळातल्या घरांपुढे राजीवरावांनी स्वतः खोचल्या, आणि जिथे जिथे पाटी, तिथे तिथे पेढ्यांचा डबा. लोकांनी अभिनंदन केलं. एकानेही विचारलं नाही की चौऱ्याण्णव कशाचे. सगळे त्याच रांगेत वाढलेले.

गुरुवारी पिकअपमधून एक गोरे गृहस्थ आले. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "सर, या पाट्या फार छान आहेत. मला पाच मिळतील का?"

राजीवरावांनी दहा दिल्या. वर पेढाही दिला.

ठराव तिसरा : हे सगळं काय आहे?
हा ठराव रुचाने मांडला. चप्पल न काढता.

रुचाबरोबर नेत्रा होती, तिच्या प्रचाराची सगळी सूत्रं सांभाळणारी. दोघींच्या हातात एकेक पाटी.

"बाबा, किती लावल्यात?"

"एकसष्ट. शिवाय दहा हॉफस्टॅडच्या बाजूला गेल्यात! त्याच्याच गल्लीतला माणूस न्यायला आला. फार सज्जन. मला म्हणाला, तुमच्यासारखे वडील मिळायला भाग्य लागतं."

"काका," नेत्रा खुर्चीत बसली, "पिकअप होती का? ग्रे कलरची? तो त्यांचा खजिनदार आहे. आज त्यांनी सेम टु सेम पाचशे ऑर्डर केल्यात."

"आमची पाटी? ते कशाला छापतील?"

मग रुचाने समजावलं. की हे मार्क नव्हेत, ही दिशा आहे. राजीवरावांनी विचारलं, दिशेला शंभरपैकी गुण कोण देतं? रुचाने कपाळाला हात लावला. शेवटी वसुधाताई मध्ये पडल्या.

"अहो, भाजीत तिखट किती ते मोजलंय. चौऱ्याण्णव. तुम्ही नागपूरचे, तुम्ही म्हणणार वा वा. बाकीचं गाव पाणी मागणार."

"एक्झॅक्टली," रुचा म्हणाली. "मागच्या वेळी मी चारशे अकरा मतांनी आले, बाबा. ते चारशे अकरा लोक मधले आहेत. ना इकडचे, ना तिकडचे. त्यांना चौऱ्याण्णव दिसलं की सीट गेली. म्हणून तर दोन वर्षं मी स्वतःला साठ-सत्तरच्या घरात ठेवलं."

"ठेवलं म्हणजे?"

"म्हणजे कधी पक्षाच्या विरोधात मत दिलं. कधी नुसतं 'प्रेझेंट' म्हटलं. हजर आहे, पण मत नाही."

राजीवरावांचा चेहरा पडला. पाट्यांचं दुःख एकवेळ त्यांनी गिळलं असतं.

"मुद्दाम कमी मार्क घेतलेस?"

फेरविचार, ठराव पहिल्यावर.
नियम असा की फेरविचार मागायचा हक्क फक्त जिंकलेल्या बाजूला असतो. राजीवराव मागतात. पेढे संपलेले आहेत. ठराव निकाली.

आता प्रश्न उरला की यंदाच ९४ का? तिखट कुठून सांडलं?

नेत्राने ते आधीच शोधून काढलं होतं. एप्रिलमध्ये राजीवरावांना दोन स्टेंट बसले, आणि रुचा राज्याची राजधानी सोडून आठवडाभर हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसली. पंचवीसपैकी आठ बिलांवरचं मतदान नेमकं त्याच आठवड्यात झालं. संस्था गैरहजेरी धरत नाही. राहिली सतरा. त्यातल्या सोळांवर रुचाचं मत संस्थेसारखं पडलं. सोळा भागिले सतरा.

"चौऱ्याण्णव पॉइंट एक," राजीवराव म्हणाले.

"हजर असतीस तर?" वसुधाताईंनी विचारलं.

"आठातली सात मी विरोधात टाकणार होते. एक बाजूने."

"सतरा भागिले पंचवीस. अडुसष्ट," राजीवराव म्हणाले. आकडे त्यांच्या तोंडून आपोआप यायचे, जसे इतरांच्या तोंडून देवाचं नाव.

नेत्रा पुढे सरसावली. "मग सिंपल आहे. काकांचा हॉस्पिटलमधला एक फोटो. खाली ओळ : मुलगी वडिलांपाशी होती. चौऱ्याण्णवचा विषय खल्लास, उलट लोक रडतील."

"नाही," रुचा म्हणाली. "बाबांचं हार्ट पोस्टकार्डावर छापायचं नाही."

राजीवराव फोटोला तयार होते, निळा शर्टही त्यांनी मनात काढून ठेवला होता. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं.

"ती सात. विरोधात टाकणार होतीस ती. तुला पटली नव्हती?"

रुचाने पाटीचा कोपरा दुमडला, उलगडला.

"दोन नव्हती पटली."

"आणि पाच?"

"पाच पटली होती. मतदारसंघाला पटली नसती."

राजीवरावांनी सतरात ती पाच मनातच मिळवली. 

"बावीस भागिले पंचवीस," राजीवराव हळूच म्हणाले. "खरी तू अठ्ठ्याऐंशीची आहेस."

ठराव चौथा : उमेदवारांनी खरं बोलावं.
मांडलेला नाही. कोणी मांडतही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, वाचनालयाच्या सभागृहात, दोन्ही उमेदवार लोकांसमोर बसले. पुढच्या रांगेत राजीवराव, शेजारी वसुधाताई. हॉफस्टॅडांनी टेबलाखालून पाटी काढली आणि दोन्ही हातांनी उंच धरली.

"ही मी लिहिलेली नाही," ते गोड हसून म्हणाले. "हिच्या वडिलांनी लिहिली आहे. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य आहे."

सभागृह हसलं. राजीवरावांना वाटलं, खुर्चीत आणखी खाली सरकायला थोडी जागा असती तर बरं.

रुचाला उत्तरासाठी दोन मिनिटं होती. नेत्राने पाठ करून घेतलेलं उत्तर होतं, 'मी कोणत्याही आकड्यात मावत नाही.' रुचाने माइक जवळ ओढला.

"आकडा चुकीचा आहे," ती म्हणाली. "मी अठ्ठ्याऐंशी आहे. त्यातल्या पाच बिलांवर मी तुम्हाला घाबरून उलटं मत देणार होते. नशिबाने गैरहजर होते. ती पाच कोणती ते सांगते."

आणि ती सांगू लागली. पहिलं, इन्शुलिनच्या किमतीला वरची मर्यादा. दुसरं, शाळेच्या बसड्रायव्हरांना आजारपणाची रजा. तिसरं, एका घराच्या प्लॉटवर चार घरं बांधायला परवानगी—

राजीवराव ताठ झाले.

चार घरं? त्यांच्या शेजारचा प्लॉट गेल्या वर्षीच विकला गेला होता. तिथे चार घरं म्हणजे आठ गाड्या, आणि बर्फ काढायच्या मशीनचा चौपट खडखडाट. या बिलाला त्यांचा साफ विरोध होता!

पाचवं बिल सांगायच्या आत घंटी वाजली. टाळ्या पडल्या, पण अर्ध्याच सभागृहातून. नेत्रा भिंतीकडे तोंड करून उभी होती. राजीवराव टाळ्या वाजवायच्या विसरले. महिनाभर मिरवलेल्या मार्कांचा विषय कोणता, हे त्यांना आत्ता कळत होतं.

ठराव पाचवा : तिसरं बिल.

दुसऱ्या दिवशी राजीवरावांनी पंचवीस बिलांची यादी छापली, चष्मा पुसला, आणि प्रत्येकापुढे स्वतःचं मत लिहिलं. बाजूने, विरोधात, बाजूने. दोन तास लागले. मग बेरीज केली. एकदा, मग खालून वर.

संध्याकाळी रुचा जेवायला आली तेव्हा कागद तिच्या ताटाशेजारी होता.

"अकरा भागिले पंचवीस," राजीवराव अपराध्यासारखे म्हणाले. "चव्वेचाळीस."

रुचाने कागद दोनदा वाचला. ज्या मधल्या माणसासाठी दोन वर्षं तिने मन मारलं, ज्याला कोणत्या शब्दाने राग येईल याचा अंदाज घ्यायला नेत्राने तीन सर्व्हे केले, तो इथे बसून वरणात लिंबू पिळत होता.

"बाबा, चार घरांना विरोध का?"

"पार्किंग."

"शाळेतल्या टीचर्सनी राहायचं कुठे? चाळीस मैलांवरून ड्राइव्ह करतात त्या."

"त्या येऊ देत ना. बिल्डर येतो, टीचर कुठे येते? त्या बिलात कुठे टीचर लिहिलंय का?"

"नाही लिहिलं," रुचा म्हणाली. "गुड पॉइंट."

वाद पोळीवर सुरू झाला, भातावर रंगला. वसुधाताईंनी दोघांची ताटं उचलली तरी चालूच. बसड्रायव्हरांवर राजीवराव वळले. इन्शुलिनवर तर आपण विरोधात का लिहिलं हेच त्यांना आठवेना. आणखी एकावर वसुधाताईंच्या नजरेने वळले.

"चौदा. छप्पन्न," ते म्हणाले. "पण तिसरं नाही. तरी मत तुलाच देईन, काळजी करू नकोस."

"मुलगी म्हणून?"

"मग काय, काकू म्हणून?"

रुचा हसली, पण कागद तिने घडी घालून पर्समध्ये टाकला. म्हणाली, "अजून अकरा दिवस आहेत. रोज जेवायला येणारे मी."

अकरा दिवसांत ती सहा वेळा आली. तिसऱ्या बिलावर राजीवराव हलले नाहीत.

निकाल.
रुचा देवपुजारी : २३,९१२. हॉफस्टॅड : २४,०९९. एकशे सत्त्याऐंशी मतांनी पडली. नेत्राच्या मते अठ्ठ्याऐंशीमुळे. वसुधाताईंच्या मते पाट्यांमुळे, आणि ते त्यांनी एकदाच म्हटलं, पुन्हा कधीच नाही. राजीवरावांनी मत मुलीलाच दिलं होतं, तिसऱ्या बिलासकट.

गेल्या खेपेला पडलेलं चार घरांचं बिल पुढच्या वसंतात परत आलं आणि मंजूर झालं. आमदार हॉफस्टॅडांनी बाजूने मत दिलं. पत्रकात त्यांनी लिहिलं की मतदारसंघातल्या मधल्या माणसाचा आवाज आपण ऐकला.

मधल्या माणसाने ते वाचलं आणि तडक त्यांच्या ऑफिसात फोन लावला. एका मुलीने उचलला. फार गोड आवाज.

"सर, आपण बिलाच्या बाजूने आहात की विरोधात? मी नोंद करते."

"विरोधात. पण का विरोधात, ते मला सांगायचंय. आणि दुसऱ्या बाजूचंही एक सांगायचंय, टीचर्सचं."

"त्यासाठी इथे रकाना नाही, सर."

राजीवरावांनी खुर्ची ओढली, बसले, आणि तरीही सुरुवात केली.