सुकटचे दात

जगन आणि जनी विचुंब्यातल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, तेव्हा त्यांचा कुत्रा सुकटही सोबत आला. पिल्लू असताना अगदीच वाळका होता, म्हणून जगननं त्याचं नाव सुकट ठेवलं होतं. आता तो म्हातारा झाला होता आणि त्याच्या तोंडाला भयंकर वास यायचा.

एकदा त्यानं भाकरी नुसती चाटून सोडून दिली, तेव्हा जनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर प्राजक्तांनी भूल देऊन दोन किडलेल्या दाढा काढल्या, बाकीचे दात साफ केले.

"जखम भरली की रोज ब्रश करायचा," त्या म्हणाल्या. "कुत्र्यांची पेस्ट वेगळी असते, आपली लावू नका."

जखम भरली. जनीनं ब्रश काढताच सुकट पलंगाखाली शिरला. तिनं त्याला ओढून बाहेर काढलं, डोकं काखेत दाबलं. तो कधी नव्हे तो गुरगुरला आणि त्याचे दात तिच्या मनगटाला लागले. रक्त आलं नाही, पण जनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सोडताच सुकट परत पलंगाखाली शिरला.

"माज्यावर गुरगुरतोस? मीच भरवलं ना रं तुला?"

जगन खुर्चीतून बघत होता. जन्मभर मिठागरात राबलेला त्याचा उजवा हात लकव्यानं जड झाला होता. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू तो हातात घेत नसे.

"त्याला घाई नाय चालत," तो म्हणाला. "माज्याकडं दे."

"तुमाला चमचा तरी धरता येतो का?" जनी बोलून गेली.

जगननं ते मनावर घेतलं नाही. "ब्रश नको. माज्या बोटाला पेस्ट लाव."

जनीनं त्याला आधार देऊन जमिनीवर बसवलं. त्याचा तो जड हात सावकाश पुढं सरकला. सुकट पलंगाखालून बाहेर आला, बोट हुंगलं आणि पेस्ट चाटून टाकली.

"बास, आज एवढंच," जगन म्हणाला.

बरेच दिवस नुसतं चाटणंच चाललं. मग बोट ओठाखाली जाऊ लागलं. पुढं जनी त्या बोटाला ओलं फडकं गुंडाळून द्यायला लागली. जगनचं बोट दातांवरून इतकं हळू फिरायचं, की सुकट डोळे मिटून घ्यायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं. "हिरड्या छान आहेत. मागच्या दाढा मात्र राहतायत."

"माजं बोट तितवर नाय जात," जगन म्हणाला.

त्या संध्याकाळी सुकट जगनच्या मांडीवर डोकं टेकून पडला होता. जनीनं फडकं स्वतःच्या बोटाला गुंडाळलं.

"परत गुरगुरला तर?"

"मी हाय ना. सावकाश कर."

तिनं सावकाश बोट आत घातलं. सुकटनं एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला.